गुडघ्याचे ऑपरेशन आणि अडलेली लघवी

आमच्या चाळीतले एक मामा, वय 68. गुडघ्याची वाटी बदलली, ऑपरेशन उत्तम झाले. संध्याकाळी पाय हलू लागले, चहाही घेतला. रात्री मात्र मामा तळमळू लागले. उशाशी सूनबाई. काय होतेय ते तिला सांगायची लाज! मी भेटायला गेलो तेव्हा कानाशी लागून म्हणाले, "सकाळपासून लघवीच झाली नाही रे." सिस्टरने नळी घातली. लिटरभर लघवी निघाली.

2017 साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. त्यामुळे हे ऑपरेशन आपल्या कुटुंबांच्याही थोडेफार आवाक्यात आले. म्हणून हे सांगणे जरुरीचे वाटते.

कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात, तेव्हा पायांबरोबर मूत्राशयाच्या नसाही बधिर होतात. पाय आधी जागे होतात, मूत्राशय उशिरा. मॉर्फिनसारख्या वेदनाशामक औषधांनीही लघवी अडते. त्यात वयस्कर पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असली की अडचण दुप्पट. मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. त्याहून फार ताणले गेले तर त्याची ताकद काही दिवस जाते. थेंब थेंब गळते म्हणजे लघवी होते, असे समजू नका. भरलेली टाकी वरून सांडावी तसे ते असते.

अशा वेळी नळी घालावीच लागते. पण गरज संपताच ती काढलेली बरी, बहुधा एक-दोन दिवसांत. जास्त दिवस राहिली तर जंतुसंसर्गाची भीती. ते जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचले तर सगळ्या खर्चावर पाणी! तेव्हा नळी कधी काढणार, हे डॉक्टरांना बेधडक विचारा. नंतर थंडी-ताप, जळजळ झाली तर लगेच दाखवा. काही जण उठायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. हा शुद्ध वेडेपणा!

आणि बंधू-भगिनींनो, ऑपरेशनआधीच सांगा: रात्री किती वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे का, मधुमेह आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मामांना नंतर खोदून विचारले, तेव्हा कळले की दोन वर्षे ते रात्री चार-चार वेळा उठत होते. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मामींनासुद्धा त्यांनी "झोप लागत नाही" एवढेच सांगितले होते.