कंपवातात बसलेल्या आवाजावर उपचार आहे

वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "बाबा हल्ली बोलतच नाहीत. वय झालं." हात थरथरतो म्हणून कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची गोळी चालू असते, आवाजाकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. आमच्या ओळखीचे एक उपासक वर्षानुवर्षे विहारात वंदना घ्यायचे. ते मागे जाऊन बसू लागले. घरच्यांना वाटले, रुसले. त्यांचा आवाज बसला होता.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. पाऊल आखूड पडते, अक्षर बारीक होते, तसा आवाजही बारीक होतो. पंचाईत अशी, की आपण हळू बोलतोय हे बऱ्याचदा रुग्णाला कळतच नाही. "मी नीटच बोलतोय, तुम्हालाच ऐकू येत नाही," असे ते मनापासून म्हणतात. गोळीने आवाज सुधारेलच असे नाही. त्याला सराव लागतो.

अमेरिकेत १९८७ च्या सुमारास ली सिल्व्हरमन या पार्किन्सन झालेल्या बाईंच्या नावाने एक पद्धत सुरू झाली. आठवड्याला चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. सूत्र एकच : मोठ्याने बोला. स्पीच थेरपिस्टकडून ती शिकून घ्यावी, मग घरी रोज करावी. ताठ बसून, श्वास भरून लांब 'आ' म्हणावा. मग नातवंडांची नावे, रोजची वाक्ये. घसा ताणून ओरडू नये. घरच्यांनी टीव्ही बंद करावा, समोर बसावे, त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. अन्नपाणी फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. बोलणे अचानक बोबडे झाले, तोंड वाकडे झाले, तर तो लकवा असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.

मुंबईत नायर रुग्णालयात आणि बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत स्पीच थेरपी मिळते. पण तोल जाणाऱ्या माणसाला डोंबिवलीहून लोकलने आठवड्याला चारदा कोण नेणार? नेणाऱ्याची रोजंदारी बुडते. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिका रुग्णालयांत मोठ्या माणसांसाठीही ही ओपीडी हवी, अशी आमची मागणी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नाव आहे, तेव्हा ही मागणी हक्काची आहे. पुढच्या वेळी केसपेपर काढलात की डॉक्टरांना विचारा, "आवाजासाठी कुठे पाठवता?"

आणि येत्या रविवारी विहारात त्यांना पुढे बसवा. वंदना त्यांना झेपेल अशा सावकाश चालीने होऊ द्या.