जुनीं विद्युद्वाद्यें आणि आमची रसिकता

चांदीच्या पैंजणांसाठीं प्रसिद्ध असलेल्या हुपरीसारख्या गांवीं राहून सिंथेसायझरसारख्या परदेशी विद्युद्वाद्याविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. वाटो. अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींत ह्या वाद्यावर दोन तऱ्हेचें बोलणें ऐकूं येतें, आणि दोन्ही तऱ्हा आम्हांस सारख्याच उथळ वाटतात. एक पक्ष म्हणतो कीं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचीं हीं ॲनालॉग यंत्रें पुन्हां हौसेनें विकत घेणें हा निव्वळ गतकाळाचा मोह आहे. ग्रामोफोनचा जुना कर्णा दिवाणखान्यांत मांडावा त्यांतलाच हा प्रकार. दुसरा पक्ष ह्याच यंत्रांपुढें धूप जाळतो, त्यांच्या 'उबदार' नादाचीं स्तोत्रें गातो आणि एकेका यंत्रास लाखों रुपये मोजून तें कांचेच्या कपाटांत ठेवतो. त्या वाद्याच्या पोटांत काय चालतें हें पाहण्याची तसदी मात्र दोघांपैकीं एकानेंही घेतलेली नाहीं.

तें आपण पाहूं. अमेरिकेंत रॉबर्ट मूग ह्यांनीं १९६४ सालीं जें यंत्र सिद्ध केलें त्याचें तत्त्व फार साधें आहे. स्वराची उंची विद्युत्-दाबानें ठरवावयाची. दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर बरोबर एक सप्तक चढतो. आतां षड्जापासून तारषड्जापर्यंतचा हा एक व्होल्ट बारा पायऱ्यांनींच चढला पाहिजे असें विजेवर कोणतेंही बंधन नाहीं. पट्टी दाबतांच तो एकदम उडी मारील. किंवा वाटेंत वीज साठवून सावकाश सोडणारा एक लहानसा घटक बसविला, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, मधल्या साऱ्या जागांना स्पर्श करीत जाईल. १९७० सालीं निघालेल्या मिनीमूगवर ह्या कामासाठीं एक स्वतंत्र खुंटीच आहे. आम्ही जिला मींड म्हणतों तीच ही. स्वराच्या पुढें नादांतील वरच्या कंपनांना कमीजास्त अडविणारी एक गाळणी असते. तिची खुंटी फिरविली कीं तोच स्वर 'ऊ' पासून 'आ' पर्यंत तोंड उघडावें तसा पालटतो.

पेटीला मींड येत नाहीं, तिच्या बारा स्वरांत आमच्या श्रुति मावत नाहींत, अशा कारणांसाठीं आकाशवाणीनें १९४० सालीं तिला दार बंद केलें, आणि तें सुमारें तीस वर्षें उघडलें नाहीं. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताचीं बोटें जिच्यावर फिरलीं त्या पेटीची ही अवस्था! त्या निर्णयाचा न्यायान्याय येथें बाजूस ठेवूं. पण ज्या दोषांकरितां पेटी बहिष्कृत झाली ते दोष नसलेलें पट्टीचें वाद्य जगांत आलें, तेव्हां आमच्या संगीतपंडितांनीं 'यंत्राला आत्मा नसतो' एवढें एक वाक्य फेकून त्याजकडे पाठ फिरविली. पेटीच्या भात्यांत तरी आत्मा कोणी पाहिला होता?

मुंबईच्या सिनेवादकांनीं मात्र पाठ फिरविली नाहीं. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटांत ऐकूं येणारा पुंगीचा नाद पुंगीचा नव्हे. हेमंतकुमारांच्या संगीतांत कल्याणजींनीं तो क्लॅव्हिओलिन नांवाच्या, व्हॉल्व्हवर चालणाऱ्या विद्युद्वाद्यावर वाजविला; सिंथेसायझरच्या आधींच्या पिढींतलें तें वाद्य. सत्तर वर्षें उलटलीं, तरी आमच्या पंचक्रोशींतील वरात त्या सुरावटीवांचून पुढें सरकत नाहीं, आणि रुमालाची पुंगी करून रस्त्यावर लोळण घेणाऱ्या तरुणांपैकीं एकालाही तो नाद निर्जीव वाटत नाहीं. त्याहून मोठें उदाहरण चरणजित सिंग ह्यांचें. मुंबईच्या ह्या वादकानें १९८२ सालीं रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ह्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली. त्यांत ललत आहे, मालकंस आहे, यमन आहे; खालीं डिस्कोचा ठेका, आणि वर स्वर घसरत, घोटत चाललेला. तबकडी चालली नाहीं. पांच वर्षांनीं, १९८७ सालीं, शिकागोच्या तरुणांनीं त्याच टीबी-३०३ च्या गाळणीची खुंटी पिळून काढलेलें नवें नृत्यसंगीत प्रसिद्ध झालें आणि त्यावर इंग्लंड-युरोपची तरुण पिढी नाचली. आमची तबकडी तेव्हां धूळ खात पडली होती. २०१० सालीं तिची नवी आवृत्ति निघाली, तीही परदेशांतून. आणि मग आम्हांस शोध लागला कीं, आपल्या घरांत असें कांहीं होतें! चरणजित सिंग २०१५ सालीं वारले. तत्पूर्वीं वृद्धपणीं त्यांस युरोपांत कार्यक्रम करावयास मिळाले, एवढेंच समाधान.

प्रतिपक्षाचा एकच मुद्दा खरोखर वजनदार आहे. तो असा कीं, आजचा संगणक ह्या सर्व यंत्रांचा नाद हुबेहूब काढतो. मग जुनें धूड हवें कशाला? नाद हुबेहूब निघतो हें आम्हांस मान्य आहे. डोळे बांधून ऐकविल्यास भलेभले फसतील. पण वाद्य म्हणजे केवळ त्यांतून निघणारा नाद नव्हे. तें हाताला काय करावयास लावतें हाही त्याचाच भाग आहे. मूळच्या मिनीमूगला स्मृति नाहीं. काल रात्रीं जमलेला नाद आज हवा असेल तर साऱ्या खुंट्या पुन्हां स्वतःच्या हातानें जुळवाव्या लागतात. आणि हवा तापली कीं त्याचे स्वर हळूच जागेवरून सरकतात. अभियंत्यांनीं ह्यास दोष म्हटलें, आणि १९८३ सालीं यामाहाचें डीएक्स-७ हें अंकांवर चालणारें वाद्य आलें तेव्हां दोष गेला म्हणून आनंद झाला. पण जेथें गवई मैफलीआधीं तंबोरा लावीत बसतो, जव्हारीचा दोरा केसभर इकडे तिकडे सरकवितो, आणि जाणते श्रोते त्या लावण्यासच मैफलीचा प्रारंभ मानतात, त्या समाजाला तरी हा दोष वाटावयास नको होता. तंबोऱ्यांचें मिरज आमच्या गांवाहून फार दूर नाहीं.

हुपरींत राहणाऱ्यास ही गोष्ट लवकर उमगते. येथें घरोघरीं चांदीचें काम चालतें. यंत्रांतून निघालेलें पैंजण आणि हातानें कडी कडी जुळवून झाळलेलें पैंजण ह्यांचें वजन सारखें, कस सारखा. कित्येकदां गिऱ्हाइकास फरक सांगतांही येत नाहीं. परंतु ज्वाळेकडे पाहून जोड कोणत्या क्षणीं धरेल हें ओळखणारा डोळा पहिल्या प्रकारानें तयार होत नाहीं. यंत्र वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें पोटें भरतात. मात्र साऱ्या गांवाचा डोळाच गेला, तर उद्यां यंत्रासाठीं नवा नमुना काढणार कोण?

आणि आमच्या मध्यमवर्गानें काय केलें? १९८० नंतर घरांत जें पट्टीवाद्य आणलें (कंपनी कोणतीही असो, त्यास आम्ही 'कॅसिओ'च म्हणणार) तें तयार नादांचें आणि तयार ठेक्यांचें. एक बटण दाबा, ठेका सुरू. दुसरें दाबा, बासरी. मुलानें दोन चित्रपटगीतें वाजविलीं कीं पाहुण्यांनीं टाळ्या द्याव्या, आणि त्यांतला एक नादही त्यानें स्वतः घडविलेला नाहीं हें कोणाच्या ध्यानींही येऊं नये! महाविद्यालयांत शिकवितांना आम्हांस हीच संवय वर्गांत बसलेली दिसते: उत्तर तयार हवें, तें कसें घडलें तें नको.

जुनीं यंत्रें विकत घ्या असें आम्ही कोणास सांगत नाहीं. कपाटवाल्यांनीं त्यांचे भाव अशा थरास नेले आहेत कीं खऱ्या वादकास तीं दिसणेंही कठीण. पण त्याच रचनेचीं यंत्रें आज पुन्हां निघूं लागलीं आहेत. कोर्ग कंपनीनें आपलें १९७८ सालचें एमएस-२० हें यंत्र २०१३ सालीं लहान आकारांत पुन्हां काढलें, तें एक उदाहरण. असें एखादें यंत्र महाविद्यालयाच्या संगीतकक्षांत पेटी-तबल्याशेजारीं ठेवावें. पहिले सहा महिने त्यावर एकही गीत वाजवूं देऊं नये. विद्यार्थ्यानें केवळ षड्ज लावावा. गाळणीची खुंटी फिरवून तो उघडावा, मिटावा. षड्जावरून पंचमावर जाण्यास मींडेला किती वेळ द्यावा हें खुंटीवर शोधावें. आणि शेजारीं तंबोरा छेडून दोन्ही षड्ज एकमेकांत मिसळतात कीं नाहीं तें ऐकावें. संगीतशिक्षकांस हें मान्य नसेल तर त्यांनीं नकार कारणांसह द्यावा. 'आत्मा' हें कारण आम्ही धरणार नाहीं.