निराधारचा पगार: वाढ केव्हा, किती आणि कुणाला?

सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा दर प्रत्येक बाजाराला नव्याने निघतो. कधी शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतात, कधी गाडीभाडंही सुटत नाही. पण दर बदलणार, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच गावात ज्यांच्या घरी ‘निराधारचा पगार’ येतो, त्यांचा दर मात्र मुंबईत कुणाच्या तरी मनात आलं तरच बदलतो.

हा पगार देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने घरी बसलेले असे सगळे तिच्यात येतात. अलीकडचा हिशेब पाहू. कितीतरी वर्षं महिना ६०० रुपये. २०१९ मध्ये १,०००, २०२३ मध्ये १,५००. मग जून २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी लढणारे नेते बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना ६,००० रुपये द्या, ही त्यांची मागणी होती. ३ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी हजाराची वाढ मंजूर केली आणि ऑक्टोबरपासून २,५०० लागू झाले. विधवा आणि इतर निराधार १,५०० वरच राहिले. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचे ३०० रुपये तर २०१२ पासून जागचे हललेले नाहीत, आणि तेही ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्यांनाच.

या तारखांमध्ये कसला क्रम शोधायला जाऊ नये. निवडणूक, उपोषण, अधिवेशन यातलं जे आधी येईल त्याच्या आधारे दर सरकतो. लाभार्थ्याने मात्र दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे माणूस हयात आहे का, हे सरकार वर्षातून एकदा तपासतं. त्याला दिलेले पैसे हयात आहेत का, हे तपासायची तारीख कुठेच नाही.

म्हणून दिव्यांग संघटनांची जुनी मागणी रास्त वाटते: सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैला वाढतो, रोजगार हमीची मजुरी दरवर्षी निर्देशांक पाहून ठरते, तर अनुदानालाच वावडं का? मागणी बरोबर आहे. पण तिच्यामागे उभं राहण्याआधी एक गणित करून पाहायला हवं, आणि ते मागणीच्या विरोधात जातं. २०१८ चे ६०० रुपये दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवत नेले असते, तर सात वर्षांनी २०२५ मध्ये ते जेमतेम ९०० झाले असते. प्रत्यक्षात मिळाले २,५००. ज्याला आपण लहर म्हणून नावं ठेवतो, त्या लहरीने दिव्यांगाला निर्देशांकापेक्षा जास्त दिलं. मुळात तुटपुंज्या रकमेला महागाईची जोड देणं म्हणजे तुटपुंजेपणच कायम करणं. शिवाय ‘दरवर्षी वाढ होतेच की’ हे उत्तर एकदा मंत्र्यांच्या हाती लागलं, तर मूळ रक्कम पुरते का हा प्रश्न विधानसभेत कोण विचारणार?

हा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरीही मी वार्षिक वाढीच्या बाजूने आहे, कारण आता पायरी बदलली आहे. ६०० वर निर्देशांक लावणं ही थट्टा होती. २,५०० वर लावणं तशी नाही. आणि लहरीला दुसरी बाजूही असते: ती आली तर भरभरून येते, नाही आली तर ६०० वर कितीतरी वर्षं बसवून ठेवते. पाच टक्के महागाई धरली, तरी पाच वर्षांनी आजच्या २,५०० ची किंमत १,९६० च्या आसपास उरेल. कुणीही कपातीचा आदेश न काढता सुमारे साडेपाचशे रुपये गेलेले असतील. उपोषण करून मिळवलेलं असं गुपचूप झिरपून जातं आणि पुन्हा मोझरीला मांडव घालावा लागतो. ज्याला स्वतःच्या पायाने तहसीलला जाता येत नाही, त्याने पाच वर्षांनी एकदा आंदोलनाला जावं, ही अपेक्षाच विचित्र आहे.

खर्च किती? वाढीव २,५०० चा लाभ मिळणारे दिव्यांग पावणेपाच लाखांच्या आसपास आहेत. पाच टक्के वाढ म्हणजे माणशी महिना १२५ रुपये, म्हणजेच पहिल्या वर्षी साधारण ७१ कोटी. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद होती. ७१ कोटींसाठी तिजोरी रडते म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत.

अर्थ खात्याचं दुसरं म्हणणं मात्र असं झटकता येत नाही. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलं आहे. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हा बांधील खर्च. त्यात दरवर्षी आपोआप वाढणारं आणखी एक कलम घातलं, की दुष्काळी वर्षात हात आखडता घ्यायला जागा राहत नाही. आणि याहून अवघड प्रश्न असा: त्याच ७१ कोटींत २,५०० च्या दराने सुमारे २३,७५० नव्या दिव्यांगांना योजनेत घेता येईल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते, तेही २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ करण्याच्या आधीच्या मोजणीत. ते सगळे गरीब नाहीत, हे मान्य. तरी पावणेपाच लाख हा आकडा छोटाच. मग आत असलेल्याला १२५ जास्त द्यायचे, की बाहेर उभ्या असलेल्याला २,५००? 

मला यातून निघायची वाट उत्पन्नाच्या मर्यादेत दिसते. दिव्यांगासाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा ५० हजार, इतर निराधारांसाठी कितीतरी वर्षं २१ हजारांवर थांबलेली. २१ हजार म्हणजे अख्ख्या घराचे महिन्याला १,७५० रुपये. लोणंदच्या वखारीत कांदा निवडणाऱ्या बाईला हंगामात नीट काम मिळालं, तर तिचं घर त्या रेषेच्या पलीकडे जातं. मग उत्पन्नाचा दाखला कसा ‘बसवायचा’ हे गावोगाव कुणाला तरी माहीत असतंच. दर वाढवून मर्यादा तिथेच ठेवली, तर दरवर्षी महागाईबरोबर मजुरी वाढेल आणि माणसं गरिबीतून नव्हे, यादीतून बाहेर पडतील. म्हणून वार्षिक वाढ ही दर आणि मर्यादा दोन्हींची असावी, नाहीतर तिला फारसा अर्थ नाही.

शेजारीपाजारी काय झालं, तेही पाहू. राजस्थानने २०२३ मध्ये किमान हमी उत्पन्नाचा कायदा केला: पेन्शन किमान १,००० आणि दरवर्षी १५ टक्के वाढ, पाच टक्के जुलैत आणि दहा टक्के जानेवारीत. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हेवा वाटावा असं कलम. त्याच वर्षाअखेर सरकार बदललं. पेन्शन १,१५० झालं, पुढे १,२५० झालं. कायद्याच्या हिशेबाने ते १,३०० च्या वर जायला हवं होतं. म्हणजे कायद्यात लिहिलं म्हणून हातात पडतंच असं नाही, पण निदान किती कमी पडलं हे बोट ठेवून दाखवता येतं. आंध्रची तऱ्हा निराळी. तिथे वृद्धांचं पेन्शन २०१९ च्या २,२५० वरून २५०-२५० च्या पायऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये ३,००० ला पोचलं आणि दिव्यांगांचं त्याच वर्षी सरकार बदलल्यावर एका फटक्यात ३,००० वरून ६,००० झालं. मोझरीतला सहा हजारांचा आकडा म्हणजे हवेतला नव्हता.

ब्रिटनमध्ये सप्टेंबरचा महागाई दर पाहून पुढच्या एप्रिलला दिव्यांगांचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे भत्ते वाढतात. एप्रिल २०२३ मध्ये १०.१ टक्के, एप्रिल २०२५ मध्ये १.७ टक्के. यंत्रणा चोख. तरी २०२५ मध्येच तिथल्या सरकारने भत्त्यासाठीची पात्रता कडक करायला घेतली आणि स्वतःच्याच खासदारांनी अडवल्यावर माघार घेतली. काळजी घेणाऱ्यांच्या भत्त्यात तर कमाईची मर्यादा एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जातो. हजारो जणांना जुने पैसे परत करायच्या नोटिसा गेल्या. दर आपोआप वाढतो म्हणून निर्धास्त राहावं, असं तिथेही नाही.

आपल्याकडे एक आधार आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. ऑक्टोबर २०२५ पर्यंत विधवा आणि दिव्यांग दोघांनाही १,५०० च मिळत होते. त्या कलमाप्रमाणे दिव्यांगाला १,८७५ मिळायला हवे होते. आज २,५०० आहेत, म्हणजे अट पाळली गेली. पण लाडक्या बहिणीचे १,५०० वचनाप्रमाणे २,१०० झाले, तर त्याच्या सव्वापट होतात २,६२५. लाडकी बहीण ही ‘तशीच’ योजना धरायची का, यावर वकील भांडतील. माझ्या दृष्टीने हीच मोजपट्टी महागाई निर्देशांकापेक्षा कामाची आहे, कारण ती राजकारणाच्या चालीनेच चालते: सुदृढांना देताना दिव्यांगाला आपोआप सव्वापट. निर्देशांकाने रकमेची किंमत टिकते, या कलमाने दिव्यांगाचा रांगेतला क्रम टिकतो. दोन्ही हवीत.

आता ज्या माणसाचं नावच अजून आलं नाही, त्याच्याकडे येऊ. लोणंदमध्ये असं एखादं घर डोळ्यासमोर आणा: पंचविशीचा मुलगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, अंथरुणाला खिळलेला. आई पहाटे उठून त्याला पुसून काढते, कूस बदलते, पाठीला जखम झाली नाही ना ते पाहते. मऊ भात चेचून भरवायला तास जातो, घाई केली तर ठसका लागतो. दिवसभर दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे ती वखारीत कामाला जाऊच शकत नाही. प्रमाणपत्रासाठी सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर एसटीत बसवता येत नाही, गाडी करावी लागते. कागदासाठी खंडाळ्याला तहसीलमध्ये जायचं तर तेवढा वेळ त्याच्याजवळ शेजारणीला बसवायचं. मुलाला २,५०० मिळतात. आईची बुडालेली मजुरी कुठल्याच हिशेबात नाही. तिची वार्षिक वाढ किती, असं विचारलं तर शून्याचे पाच टक्के.

याच कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द सोबत आहेत, आणि आपलं राज्य त्या शब्दांच्या सावलीत बसलं आहे. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये देते. रक्कम किरकोळ, आणि पैसे थकतात अशी तक्रारही जुनी. पण तिथे त्या बाईचं नाव सरकारी यादीत आहे, म्हणून थकबाकीबद्दल भांडता तरी येतं.

विरोधात म्हटलं जातं की आईने मुलाचं करायचं नाही तर कुणाचं करायचं, त्याचे पैसे कसले? हे आपल्या संस्काराचं बोलणं आहे आणि ते सोयीस्करही आहे, कारण बाईने फुकट केलेलं काम कुठल्याच ताळेबंदात खर्च म्हणून दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कोण खरंच काळजी घेतं हे ठरवणार कोण? उद्या प्रत्येक वहिनी-पुतण्या काळजीवाहक होईल. ही भीती खोटी नाही, पण ८० टक्क्यांच्या वरच्या आणि जास्त आधाराची गरज प्रमाणित झालेल्यांपुरती सुरुवात केली, तर आशाताई आणि अंगणवाडीताईंना विचारून यादी एका आठवड्यात तयार होईल. गल्लीत कोण कुणाचं करतं हे गावाला पाठ असतं. अडचण पैशाची आहे, माहितीची नाही, आणि ते तसं सरळ म्हणावं.

माझ्या मते पुढच्या अर्थसंकल्पात तीन गोष्टींचा क्रम असा असावा: आधी काळजीवाहक भत्ता, मग उत्पन्नमर्यादा, मग वार्षिक वाढ. संघटनांना हा क्रम आवडणार नाही, कारण वार्षिक वाढ सगळ्यांना मिळते आणि भत्ता थोड्यांना. तोवर लोणंद नगरपंचायतीला मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, आणि घरपट्टी-पाणीपट्टी वाढली की तो आपोआप वाढतो. दिव्यांगांची नोंदवही नगरपंचायतीकडे असतेच. त्यात ‘काळजी कोण घेतं’ असा एक रकाना वाढवायला ठरावापलीकडे काही लागत नाही.