सिक्खापद घेतले, पण शिकवले कोणी?

पाचवे शील आपल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही ज्या घरातला माणूस दारूत बुडाला आहे, त्या घरासाठी आपल्या चळवळीकडे आज काय आहे? जयंतीला एक भाषण, एक शपथ आणि तो पुन्हा प्याला की ‘हा सुधारणारा नाही’ असा शेरा.

माझा आरोप सरळ आहे. आपण व्यसनी माणसाकडून प्रतिज्ञा मागतो, पण ती पाळायची कशी हे त्याला शिकवत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभराने परतलेला वस्तीतला एक दादा मला म्हणाला, “सर, दारू सोडली. पण संध्याकाळी सात ते नऊ करायचं काय, ते कुणी सांगितलंच नाही.” पंधरा वर्षे त्याचे ते दोन तास गुत्त्यावर गेले होते. मित्र तिथेच, उधारी तिथेच, उद्याच्या कामाची खबरही तिथेच. पुढच्याच पगाराला तो पुन्हा प्याला. आम्ही कार्यकर्त्यांनी त्याला झापले. आज वाटते, झापायला आम्हाला पाहिजे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्ये सांगितली आहेत: निर्णय घेणे, समस्या सोडवणे, संवाद, भावना आणि ताण हाताळणे वगैरे. ऐकायला शाळेतला धडा वाटतो. वस्तीत त्याचा अर्थ अगदी रोजचा आहे. ‘एकच घे’ म्हणणाऱ्या मित्राला मैत्री न तोडता नाही म्हणता येणे. त्यासाठी ते वाक्य आधी दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहावे लागते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत तलफ उसळते हे ओळखणे, आणि ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते हे अनुभवाने कळणे. रोख मजुरी हातात पडायच्या आधीच तिचा हिशेब घरी ठरवणे. बायकोने संशय घेतला तर न चिडता ऐकून घेणे. यातले काहीही उपजत नसते, ते सरावानेच येते.

आणि हे आपल्याला नवे का वाटावे? शीलाला पालीत ‘सिक्खापद’ म्हणतात. म्हणजे शिकण्याची, सरावाची गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी पुन्हा व्यसनाकडे वळणे कसे टाळावे यावर आयुष्यभर काम केले. तलफ ही लाट आहे, तिच्याशी झुंजू नका, ती उठताना आणि ओसरताना पाहा, असे ते शिकवत. सिएटलच्या तुरुंगातील कैद्यांवर विपश्यनेचा काय परिणाम होतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. जगाने आपल्या धम्मातून घेतले आणि आपण मात्र ते वंदनेपुरते ठेवले.

काही मित्र म्हणतील, “हे एनजीओछाप बोलणे झाले. मूळ जातिव्यवस्थेत आहे.” मूळ तिथेही आहेच. प्यायल्याशिवाय गटारात उतरवत नाही, असे सफाई कामगार सांगतात. २०१३ चा कायदा असूनही माणसे उतरवली जातात. संविधानाचे कलम ४७ दारूबंदीची दिशा दाखवते, आणि सरकार दारूच्या महसुलावर तिजोरी भरते. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. क्लबात पिणारा ‘सोशल ड्रिंकर’ ठरतो, वस्तीत पिणारा ‘बेवडा’. ही लढाई सोडायची नाहीच. पण व्यवस्था बदलेपर्यंत त्या दादाचे यकृत थांबणार आहे का? जात संपेपर्यंत बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. लढणे आणि शिकवणे त्यांनी एकत्रच केले.

म्हणून माझी मागणी आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सात ते नऊ, व्यसन सोडणाऱ्यांचा वर्ग भरवा. नाही म्हणण्याचा सराव, तलफ आल्यावर फोन करायला दोन माणसे, पगाराच्या दिवशी सोबत आणि घरच्यांसाठी वेगळी बैठक, एवढ्यापासून सुरुवात करा. पुन्हा प्याला तर हाकलू नका. कुठे, कोणासोबत, कशामुळे, हे विचारा. पुढचा धडा त्यातूनच निघतो.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. आणि जेवणात गुपचूप ‘दारू सोडवणारी पावडर’ घालू नका, तीही जिवावर बेतू शकते. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आपल्या विहारांची दारे संध्याकाळी सातला बंद असतात आणि गुत्त्याची उघडी. आधी हे बदला, मग त्या माणसाकडे प्रतिज्ञा मागा.

नमो बुद्धाय! जयभीम!