लेबल नको, घोट सांगा

‘जुनं ते सोनं’ ही म्हण व्हाइट वाइनला लावणाऱ्यांनी १९९६ची बर्गंडी आठवावी. दीर्घकाळ मुरेल या भरवशावर लोकांनी ती महागडी शार्दोने घेऊन ठेवली. दहा वर्षांच्या आतच कित्येक बाटल्या तपकिरी पडल्या, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास मारायला लागल्या. एकाच पेटीतली एक ठणठणीत, दुसरी मेलेली! तरी लेबल बघून ‘काय खोली आहे!’ म्हणणारे भेटतातच. उलट मोझेलच्या जुन्या रीझलिंगला रॉकेलसारखा वास येतो (टीडीएन नावाच्या संयुगामुळे, त्यात बिघाड काही नाही), तर हेच लोक नाक मुरडतात. अहो, आधी घोट तरी घ्या. आंबटपणा अजून जिवंत आहे का, गिळल्यावर चव रेंगाळते का, ते सांगा.