भूत बाईच का असतं?

पडका वाडा दिसला की मोबाईल काढायचा, मागे भेसूर म्युझिक टाकायचं, झाली हॉरर रील! ईटपासून भूमपर्यंत हेच चाललंय. या सगळ्या मंडळींनी विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) एकदा बघाच.

उसाच्या फडात एकटं घर. सावकाराला चुकवत तिथं येऊन राहिलेलं जोडपं. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर. आपल्यासारख्या ऊसपट्ट्यातल्या पोरांना हा सिनेमा जास्त लागतो, कारण इथं भीती अंधारात नाही. भर दुपारी पाचट सळसळतं आणि वाट सापडत नाही. उषा नाईक यांची तुळसाबाई तर नेहाला मायेनं जपते. ती माया बघूनच अंगावर काटा येतो. हे घर झपाटलंय ते मुलींना जगू न दिल्यामुळे. (शेवटी सिनेमा जरा भाषण देतो, ते खटकतं.)

हे कल्पनेतलं वाटतं? २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, आपल्या जन्माआधीचा.

गावातली भुतंही बघा: हडळ, जखीण, अळवंतीण. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. जिवंतपणी दवाखाना मिळाला नाही, मेल्यावर मात्र अख्खं गाव तिला घाबरतं! तेव्हा पुढची रील काढायला वाड्यात शिरण्याआधी शेजारच्या आजीला विचारा, इथली बाई गेली कशी?