रीत दाखविणारी गाडी

रस्ता ओलांडूं लागलें म्हणजे आपली दृष्टि प्रथम गाडी हांकणाऱ्याच्या तोंडाकडे जाते. त्यानें मान हलविली, वेग मंदावला, कीं आपण पाऊल टाकतों. ज्या गाडींत हांकणाराच नाहीं, तिच्यापुढें पाऊल टाकावें कीं नाहीं, हें कोणास विचारावयाचें ?

अमेरिकेंतील अॅरिझोना राज्यांत टेंपी येथें ता. १८ मार्च २०१८ रोजीं रात्रीं, सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबर कंपनीच्या चांचणीवरील स्वयंचलित मोटारीखालीं सांपडून मृत्यु पावली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०१९ सालीं चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावा. टक्कर होण्यापूर्वीं ५.६ सेकंद यंत्रास पुढें कांहींतरी दिसलें होतें. परंतु तें त्यास कधीं मोटार, कधीं सायकल, तर कधीं 'इतर वस्तु' समजूं लागलें. आणि समजूत बदलली कीं त्या वस्तूच्या चालीची मागील नोंद सोडून नव्यानें अंदाज बांधूं लागलें. मनुष्य ठरलेल्या जागेवांचूनहि रस्ता ओलांडतो, हें त्यास शिकविलेलेंच नव्हतें ! देखरेखीस बसविलेल्या व्यक्तीचें लक्षहि फोनकडे होतें.

हें सर्व तज्ज्ञांनीं मागाहून नोंदी उकलल्या म्हणून कळलें. आमचें म्हणणें असें कीं, यंत्रानें आपलें कारण निर्णयाच्या वेळींच, सामान्य मनुष्यास समजेल अशा शब्दांत नोंदावें : 'हा गृहस्थ कडेला उभा आहे, त्याची मान माझ्याकडे वळली आहे, पाऊल उचललेलें नाहीं, सबब तो थांबेल.' म्हणजे चूक कोणत्या वाक्यांत आहे तें दाखवितां येईल. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनीं पादचाऱ्यांचें पाहणें, चालणें, थबकणें अशा खुणा टिपलेल्या चित्रफितींचे संग्रह केलेहि आहेत. मात्र तेवढ्यावरच शिकलेली गाडी आपल्याकडे आली, तर नुसता तळहात दाखवून धांवत्या वाहनांतून वाट काढणाऱ्या आमच्या आजोबांविषयीं तिची काय समजूत होईल, कोण जाणे !

कोणी म्हणतील, गाडी चुकत नसेल तर कारण कशास हवें ? गणिताचें उत्तर बरोबर आलें तरी रीत न मांडल्यास गुरुजी गुण कापतात, तें कां, हें विद्यार्थ्यांनींच त्यांस सांगावें. पण शेजाऱ्याचें उत्तर उतरून मागाहून रीत जुळविणारेहि वर्गांत असतात, आणि यंत्रांचेंहि तसें होऊं शकतें. निर्णय एका रीतीनें व्हावयाचा, स्पष्टीकरण दुसऱ्याच रीतीनें रचावयाचें. याची परीक्षा करितां येते. 'मान वळली होती' असें यंत्र म्हणत असेल, तर चित्रांतील मान फिरवून तोच प्रश्न त्यास पुन्हां घालावा. अंदाज तिळभरहि बदलला नाहीं, तर सांगितलेलें कारण खोटें. आणि अशा गाडीस लोकांच्या रस्त्यावर येण्याचा परवाना देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.